इंदूने ओळखलेला कोसा

"हा कोसा तर मीच दिला होता तुमाले, ताई. चिरागच्या लग्नात."

इंदू देवघरे एवढंच बोलली, आणि चौबे कॉलनीतल्या त्या बैठकीच्या खोलीत नुसता कूलर बोलत राहिला.

यामिनीचं केळवण होतं. लग्नाआधी जवळच्या घरांनी नवरीला जेवायला बोलवायचं, तिची ओटी भरायची, तिच्या आईच्या हातावरही काहीतरी ठेवायचं. तीन पिढ्या रायपुरात काढूनही देवघऱ्यांनी हा रिवाज सोडला नव्हता. गोळाभात झाला, कढी झाली, ओटीही भरून झाली. मग कुसुमनं, म्हणजे इंदूच्या थोरल्या जावेनं, इंदूच्या हातात एक लांबट डबा दिला. आत कोशाची, म्हणजे छत्तीसगडी टसर रेशमाची, साडी होती. इंदूनं झाकण काढलं, घडीवरून हात फिरवला आणि सतरा माणसांत ते वाक्य टाकलं.

"काय म्हणाली?" कुसुमनं विचारलं.

"म्हटलं, घरचं घरी आलं. डबा तेवढा बदलला."

कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं. मराठी मंडळातल्या बायका होत्या, त्यांना तेवढंच हवं होतं. आहेराची साडी या घरातून त्या घरात फिरते, हे काय कोणाला ठाऊक नसतं? पण ते स्वयंपाकघरात, पदराआडून बोलायचं असतं.

"कशावरून म्हणते?"

"कशावरून म्हणजे? सव्वीस वर्षं झाली, पंडरीच्या कापडबाजारात साड्या उलगडून राहिली मी. हा मधाचा रंग पाहा. हा मरून काठ, काठावरचे हे कळस. अन् ही गाठ! काठापासून बोटभर. बांधून घेताना याच गाठीवरून हात फिरवला होता मी."

"इंदू, जेवणाच्या जागेवर..." गंगाधरराव, तिचे मोठे दीर, हातातली सुपारी तशीच धरून म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही नका बोलू."

"बोलू द्या तिले," कुसुम म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही, उलट खाली आला, आणि तेच वाईट होतं. "झालं ना सगळ्याईचं जेवण? मग ऐका. हिनं माझ्या घरात, माझ्या सुनेसमोर, माझी लाज काढली. बारा दिवसांनी हिच्या पोरीचं लग्न आहे. कन्यादानाले मी अन् हे बसणार होतो. आता नाही बसत."

"मोठी आई!" यामिनी ओरडली.

"तुझ्यावर राग नाही, बेटा. तुझ्या आईले म्हणा, हिनं जसा कोसा ओळखला, तसं कन्यादानाले बसणारंही ओळखून आणावं कोणी."

*

परतताना स्कूटर यामिनी चालवत होती. जयस्तंभ चौकात लाल दिव्याला थांबल्यावर तिनं हेल्मेटची काच वर केली.

"मम्मी, आपको चैन नहीं पड़ता क्या?"

"मराठीत बोल."

"मराठी में बोलूँगी तो रोना आ जाएगा. इसलिए हिंदी में पूछ रही हूँ. चैन नहीं पड़ता?"

मागे बसलेल्या इंदूनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. डबा तिनं तिथंच दिवाणावर ठेवला होता.

"खोटं बोलली काय मी?"

"सच-झूठ का क्या करूँ मैं? मुझे मोठे बाबा चाहिए थे. बस."

दिवा हिरवा झाला.

यामिनीचं म्हणणं खरं होतं. शालिग्राम, तिचा बाप, रेल्वेत होता. ती चौदाची असताना गेला. त्यानंतर तिच्या शाळेच्या फॉर्मवर सही गंगाधररावांची, तिला स्कूटर शिकवताना गुडघे फोडून घेतले ते गंगाधररावांनी. दुर्गचा विहंग पसंत आहे हे तिनं आईच्या आधी सांगितलं तेही त्यांनाच. देवघऱ्यांच्या घरात विधवा बाई कन्यादानाला बसत नाही. बाप नसला तर त्याचा भाऊ बसतो, आणि तोही जोडीनंच. म्हणजे कुसुम उठली की गंगाधररावही उठले. शालिग्रामला दुसरा भाऊ नव्हता.

तात्यापाऱ्यातल्या घरी पोचल्यावर यामिनीनं स्कूटर लावली आणि किल्ली आईच्या हातात आपटली.

"माफी माँग लो."

"कशाची? बरोबर ओळखली म्हणून?"

*

इंदूला आपल्या डोळ्यांचा गर्व होता, आणि तो तिला पंडरीच्या बाजारानं दिला होता. लग्नानंतर दोन वर्षांनी शालिग्रामच्या पगारात भागेना, तेव्हा ती एका साडीवाल्याकडे लागली. पहिल्याच दिवशी पांढऱ्या गादीवर बसून ती एकेका साडीकडे डोळे फाडून पाहत होती. शेठजी वैतागले.

"साड़ी को क्या देखती है, बाई? साड़ी कहीं भाग रही है? गिराहक की आँख देख. आँख जहाँ अटके, वहीं तू भी अटक जा."

इंदू तिथेच घडली. एका झटक्यात पाच मीटर साडी हवेत जायची, पदर गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी पडायचा, आणि इंदू पाहायची ते फक्त समोरच्या बाईचे डोळे. "दिखाओ कुछ हल्के में," असं बाई तोंडानं म्हणायची, आणि डोळे मात्र भडक राणी रंगावर अडकलेले. इंदू ती राणी रंगाची साडी मुकाट्यानं बाजूला काढून ठेवायची, आणि शेवटी तीच विकली जायची. "इंदू दीदी को सब याद रहता है," असं दुकानातली पोरं म्हणायची. "कौन सी साड़ी किसको गई, सब." सगळे म्हणत राहिले, तसं तिलाही वाटायला लागलं. आपल्या हाताखालून काय गेलं ते आपण विसरत नाही. हाताखालून जातं त्याच्याकडे आपण पाहत असतो की नाही, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नाही. कोण विचारतं?

कुसुमशी तिचं आधीपासून फारसं जमत नव्हतं, पण ते जावांइतपतच. तुटलं ते चार वर्षांपूर्वी, चिरागच्या हळदीला. चिराग म्हणजे कुसुमचा एकुलता एक. लहानपणी इंदूच्याच मांडीवर खेळलेला. इंदू हळदीची वाटी घेऊन पुढं झाली, तर कुसुमनं सगळ्यांदेखत तिच्या हातातून वाटी घेतली.

"तू असं कर, आत जाऊन आहेर सांभाळ. तुझ्याइतकं कोणाले समजते साड्यातलं?"

किती गोड बोलली! इंदू आत गेली. दार लोटलं. बाहेर बायका हसत होत्या, कोणी तरी हळद लावून पळत होतं, आणि ती साड्यांच्या डब्यांमध्ये बसून होती. त्या दिवशी तिनं ठरवलं, या बाईचं तोंड पाहायचं नाही. आणि पाहिलं नाही. लग्नाला हजर होती, दुसऱ्या दिवशी रिसेप्शनलाही हजर होती, स्टेजवर फोटोलाही उभी राहिली. पण मान वळवली नाही. पुढची चार वर्षंही सणावारी जायची, पाया पडायची, ते पायांकडे बघून.

*

तीन दिवस कुसुमनं फोन उचलला नाही. इंदूनंही केला नव्हता. यामिनीनं केला होता. गंगाधरराव दुकानात येऊन गेले, गादीच्या टोकाला बसून चहा प्यायले.

"इंदू, मी तिले काय सांगू?"

"मीच काय सांगू, भाऊजी? मी डोळ्यांनी पाह्यलं ते बोलली."

"तिनं गोल बाजारातून आणला तो कोसा. मी संग होतो."

"तुम्ही बायकोकडूनच बोलणार."

गंगाधररावांनी कप खाली ठेवला. "तुले असं वाटते?" एवढंच म्हणाले आणि उन्हात निघून गेले. टोपी गादीवरच राहिली. इंदूनं ती उचलून गल्ल्यामागे ठेवली, पण त्यांच्यामागे धावत गेली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी यामिनीच्या मोबाइलवर अनुश्रीचा, चिरागच्या बायकोचा, एक फोटो आला. खाली एक अक्षर नाही. यामिनीनं तो पाहिला, मग दोन बोटांनी मोठा केला, मग उठून ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या नाकासमोर धरला.

"ये देखो."

चिरागचं रिसेप्शन. स्टेज, लाल मखमली खुर्च्या, प्लास्टिकची ऑर्किडं. मध्ये नवरा-नवरी. उजवीकडे कुसुम, तिच्या अगदी शेजारी इंदू. कुसुमच्या अंगावर कोसा. मधाचा रंग, मरून काठ, काठावर कळस. आणि तो काठ इंदूच्या कोपराला टेकलेला.

"दुसरा असंल," इंदू म्हणाली. "कोसे काय कमी आहेत छत्तीसगडात?"

"ब्लाउज़ देखो, मम्मी."

इंदूनं ब्लाउज पाहिला. आणि गॅस बंद केला.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी साडीसोबत दिलेला तो कापडाचा तुकडा तिनं अंधारातही ओळखला असता. मरून, पण साधा मरून नाही. आत थोडी वीट मिसळलेली, आणि मोहरीएवढी जरीची बुट्टी. कोशाच्या काठाला तंतोतंत जुळावा म्हणून तिनं पंडरीच्या तीन गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या, दोन दुकानदारांशी भांडली होती, एका तुकड्याला दारात उन्हात नेऊन धरलं होतं. त्या दुपारचं ऊनसुद्धा तिला आठवत होतं. आणि साडी? साडी तर दुकानातल्याच गठ्ठ्यातून, एका हातानं दुर्गच्या बाईला बनारसी दाखवत, दुसऱ्या हातानं ओढून घेतली होती. गाठीवरून हात फिरवला होता खरा. पण कोशाला गाठी कुठं नसतात? हातमागाचा रेशमी धागा, वीतभर कापडात दोन गाठी निघतात.

"तीच नेसून दिली असंल परत," तिनं शेवटचा प्रयत्न केला. पण बोलता बोलताच तिची जीभ थांबली. केळवणाच्या दिवशी डब्यातली घडी तिनं बोटांनी उचलली होती. आतली कड मोकळी होती. फॉल नव्हता. नेसलेल्या साडीला फॉल नसतो काय कधी? दुकानातली काल लागलेली पोरगीही एवढं पाहते.

"मोठी आई आपको देख रही हैं," यामिनी म्हणाली.

"काय?"

"फोटो में. सब कैमरे को देख रहे हैं. मोठी आई आपको."

खरंच. कुसुमची मान इंदूकडे वळलेली होती, ओठ जरा उघडे, आता काही बोलेल अशी. आणि इंदूची मान पूर्ण दुसरीकडे, जेवणाच्या टेबलांकडे. इंदूनं त्या संध्याकाळचं काही आठवतंय का पाहिलं. गुलाबजाम थंड होते, ते आठवलं. सनईवाल्याचा एक बूट फाटलेला होता. कुसुमचं एक बोटसुद्धा आठवेना. कोपराशी बाई इंदूनंच दिलेली साडी नेसून उभी होती, आणि जिला म्हणे सब याद रहता है, तिच्याजवळ त्या बाईची एक रेघ नव्हती.

*

दार कुसुमनंच उघडलं.

"काय आहे?"

"माफी मागायले आली."

"सतरा माणसांत बोलली, माफी काय जिन्यात?"

"सतरा माणसं जमवा. मागते."

कुसुम बाजूला झाली. इंदू आत गेली, तर दिवाणावर पाच साड्या मांडलेल्या. पाचही कोशाच्या, पाचही मधाच्या रंगाच्या, मरून काठ वर काढून एकसारख्या घड्या. दारात अनुश्री खाली मान घालून उभी.

"यामिनीनं फोन करून सांगितलं तू येऊन राहिली म्हणून," कुसुम म्हणाली. "दोन माझ्या, एक अनुश्रीची, दोन शेजारच्यांकडून मागून आणल्या. तुझा मोठा दावा आहे ना डोळ्याचा? ओळख. तू दिलेली कोणती ते सांग. बरोबर सांगितली तर मी बसते कन्यादानाले. माफीबिफी नको मले तुझी."

"अन् चुकली तर?"

"तर दार तिकडं आहे."

"ताई, यामिनीच्या लग्नाचा असा खेळ..."

"खेळ तू मांडला. ओळख!"

इंदू दिवाणाजवळ गेली. पहिलीवरून हात फिरवला. दुसरीवरून. तिसरीच्या काठाजवळ बोटाला गाठ लागली, आणि लगेच पोटातून आवाज आला, हीच. अगदी स्वच्छ आवाज, जराही शंका नसलेला. तिनं तोंड उघडलंच होतं.

मग तिला आठवलं, केळवणाच्या दिवशीही आवाज इतकाच स्वच्छ होता.

तिनं बोट उचललं. चौथीवर ठेवलं. आणि साड्यांकडे बघणं सोडून वर बघितलं. सव्वीस वर्षांची सवय, ती तिनं पहिल्यांदाच या घरात वापरली.

कुसुमचा चेहरा समोर होता. हा चेहरा तिला माहीत होता, आणि नव्हता. डाव्या डोळ्याखाली काळं केव्हा आलं? पुढचे केस इतके विरळ कधी झाले? एक दात पडलेला होता, त्यामुळे ओठ त्या बाजूला आत ओढला गेला होता. इंदूचा हात चौथीवरून पाचवीवर गेला, पुन्हा पहिलीवर आला, सावकाश, एकेका काठावर थांबत. हात थांबायचा, पण कुसुमचे डोळे कुठंच थांबत नव्हते. पाचांपैकी एकीवरही नाही. एकदाच, अगदी क्षणभर, ते इंदूच्या खांद्यावरून मागं गेले, आतल्या खोलीच्या दाराकडे, आणि झटकन परत आले.

"यात माझी नाही," इंदू म्हणाली.

अनुश्रीनं चटकन मान वर केली.

"काय?"

"यात नाही. आत आहे, कपाटात. तुम्ही मले फसवून राहिल्या, ताई."

कुसुमचा चेहरा लाल झाला. "तुले कोणं सांगितलं? अनुश्रीनं?"

"नाही, मम्मी, मैंने कुछ नहीं..."

"तिले काहून बोलता? कोणं नाही सांगितलं. साडी ओळखू नाही आली मले. साडीकडे पाह्यलंच नव्हतं मी कधी. दिली तेव्हाही नाही, तुम्ही नेसली तेव्हाही नाही."

"मग?"

"तुमच्याकडे पाहून राहिली होती."

कुसुम दिवाणाच्या कडेला बसली. मग भडकली, अगदी खोलीभर भडकली. "आता पाह्यलं! आता! त्या दिवशी चार तास उभी होती मी तुझ्याजवळ. हळदीले चुकलं माझं, ते रातभर कळून राहिलं होतं. तोंडानं बोलता येत नाही मले, तुले माहीत आहे. म्हणून सुनेच्या माहेरचा शालू बाजूले ठेवून तुझा कोसा नेसली. यांनी पाच वेळा विचारलं, शालू काहून नाही नेसत? म्हटलं, इंदू पाहील तर समजून जाईल. समजून जाईल! तू गुलाबजाम खात बसली!"

"थंड होते," इंदू म्हणाली.

"काय?"

"गुलाबजाम."

"मले माहीत आहे थंड होते! कॅटरर हलकट होता!"

अनुश्री तोंडावर ओढणी धरून आत पळाली. आतून हसण्याचा का रडण्याचा आवाज आला, कळलं नाही. थोड्या वेळानं ती परत आली तेव्हा तिच्या हातात मलमलीत गुंडाळलेली एक घडी होती. कुसुमनं ती हिसकावून घेतली, मलमल सोडली. मधाचा रंग, मरून काठ. पदराच्या टोकाला एक लहानसा पिवळट डाग.

"हा डाग कशाचा?" इंदूनं विचारलं.

"तुझ्यासाठी ताट वाढलं होतं त्याच दिवशी. मठ्ठ्याचा. तू न घेता उठून गेली."

"हळदीचं मी विसरली नाही, ताई. आताही नाही."

"नको विसरू. मीही नाही विसरत केळवणाचं." कुसुमनं साडी मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात दाबले. "बसीन मी कन्यादानाले. पोरीसाठी. अन् यांच्यासाठी, चार दिवसांपासून जेवत नाहीत नीट. तुझ्यासाठी नाही."

"हव."

"हाच नेसून बसीन."

"डाग काढून देते मी. पंडरीत एक जण आहे..."

"हात नको लावू. डागासकट नेसीन. अन् ऐक, मंगलाष्टकं चालू असू दे, भटजी कितीही ओरडू दे. मी तुझ्याकडे पाह्यलं अन् तुझी मान दुसरीकडे दिसली, तर मी उठून जाईन. तुझी पोरगी पाटावर रडत बसली तरी जाईन. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं? माझ्याकडे पाहून बोल!"

इंदूनं पाहिलं. मग पर्समधून गंगाधररावांची टोपी काढून दिवाणावर, त्या पाच साड्यांच्या शेजारी ठेवली.